निकालाचं पहिलं पान

पोलादपूरकडच्या वाड्यांतून पक्षकार येतो तेव्हा पिशवीत सातबारा, दोन-चार फेरफार आणि आजोबांच्या वेळचा एक निकाल असतो. "वकीलसाहेब, निकाल आधीच आपल्या बाजूने लागलाय," म्हणत तो शेवटचं पान काढून देतो. मी पहिलं मागतो. वादी-प्रतिवादी कोण, सर्व्हे नंबर कुठला, मुद्दे काय काढले होते? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ विचारतं तेही साधारण हेच: त्याच पक्षकारांत किंवा त्यांच्या वारसांत, तोच मुद्दा सक्षम कोर्टाने ऐकून ठरवला आहे का?

असं वाचन शिकावं ते आमच्या महाडच्याच चवदार तळ्याच्या निकालावरून. डिसेंबर १९२७ मध्ये गावातल्या काही सवर्णांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला: तळं आमच्या मालकीचं, अस्पृश्यांना पाणी भरायला मनाई करा. दावा प्रातिनिधिक होता. दोन्हीकडचे मोजके लोक आपापल्या समाजाच्या वतीने उभे. अशा दाव्याचा निकाल कोर्टाची पायरी न चढलेल्यांनाही बांधतो. वादी महाडला हरले, ठाण्याच्या अपिलात हरले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्यापुढेही हरले.

लोकांच्या लेखी हा समतेचा विजय, आणि तो आहेच. पण निकाल वकिलाच्या नजरेने वाचला की तो किती अरुंद आहे ते दिसतं. तळं नगरपालिकेचं, अनादी काळापासूनची वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही, संपलं. देवळांच्या खटल्यांत जुन्या प्रथेवरून जे गृहीत धरता येतं, ते तळ्याला लागू नाही, असं म्हणून न्यायमूर्तींनी ते निवाडेही बाजूला ठेवले. वहिवाट शाबीत झाली असती तर ती सार्वजनिक हिताविरुद्ध ठरली असती का? त्याला त्यांनी हातच लावला नाही. मला हा संयम खटकतो; न्यायाधीशाची शिस्त म्हणून तो मान्यही करावा लागतो. न ठरवलेला मुद्दा कुणालाच बांधत नाही, म्हणजे दुसऱ्या गावच्या तळ्यावर तोच वाद पुन्हा उभा राहू शकला असता.

ती वाट १९५० साली राज्यघटनेच्या कलम १५ आणि १७ ने बंद केली.