व्हाळापलीकडची हद्द

"चतुर्थीक येताना पेन घेवन ये," असा दादांचा फोन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मराठीच्या प्राध्यापकाला पेन आणायला सांगणे म्हणजे कोळ्याला जाळे आणायला सांगण्यासारखे. पण दादांना माझे अक्षर नको होते, सही हवी होती.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, माणगाव खोऱ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. घराभोवती माड-पोफळी, त्यामागे वडिलांनी लावलेले काजू, आणि व्हाळ ओलांडला की जिला आम्ही नुसते 'हद्द' म्हणतो ते रान. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायची, तिची कवंडळे आणि कांगण्या आजवर तिथूनच आल्या. सातबाऱ्यावर दादांबरोबर माझेही नाव आहे. शेजाऱ्याप्रमाणे ही हद्द साफ करून तिथे रबर लावायचे, जमीन कराराने एका बागायतदाराला द्यायची, असा दादांचा बेत होता. माझ्या वाट्याला येणाऱ्या रकमेत आमच्या कन्येच्या पुढच्या शिक्षणाची सोय झाली असती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे सारे वाचून वाचकांना मी फार थोर वाटेन.

कन्या वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. आंबोलीचा घाट उतरून घरी पोहोचलो, आरती-नैवेद्य झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडताच तिने मला उठवले. "बाबा, सही करण्याआधी दोन्ही बघून घ्या."

पहिल्याने शेजाऱ्याचे रबर पाहिले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले! सरळ रांगा, गार सावली, आणि चिकाच्या खाचेत पावसाचे पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक झाडाच्या कमरेला प्लॅस्टिकचा परकर. शाळेच्या कवायतीला मुली उभ्या राहाव्यात तशी ती झाडे. बागेच्या कडेला टाकळा माजला होता आणि त्यावर पिवळ्या फुलपाखरांची नुसती झुंबड! "ही बघ, आहेत की फुलपाखरे," मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"आहेत ना. पण किती *प्रकारची*?"

मी निमूटपणे पाहू लागलो. पिवळी होती, एक-दोन काळपट, गवतातून उडून पुन्हा गवतातच बसणारी तपकिरी. रांगांच्या आत शिरलो तर तीही नव्हती. जमिनीवर एकाच परदेशी वेलीचे हिरवे अंथरूण पसरलेले. माती धुपू नये आणि तण माजू नये म्हणून ती मुद्दाम लावतात. कन्येच्या वहीचे अर्धे पानही भरले नाही.

तिने मला समजावले ते असे. फुलपाखराला मध कुठल्याही फुलातला चालतो. पण त्याची अळी जेवणाच्या बाबतीत अट्टल सोवळी. ठरलेल्या झाडाचेच, फार तर ठरलेल्या कुळाचेच पान खाईल. ते मिळाले नाही तर उपाशी मरेल. आणि रबराचे झाड तर पाहुणे! ब्राझीलच्या रानातून १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने सुमारे ७०,००० बिया लंडनला नेल्या, आणि तिथे उगवलेली रोपे सिलोनमार्गे आशियात पसरली. आमच्या रानातल्या अळ्यांच्या ताटात हे पान कधी पडलेच नव्हते. त्यातून बागेत वेल चढू द्यायची नाही, झुडूप वाढू द्यायचे नाही. झाडे शेकडो, पण अळीच्या लेखी तो ओसाड माळ.

मग आम्ही व्हाळ ओलांडून हद्दीत गेलो. इथे रांग म्हणून नाही. किंजळ, जांभूळ, कारवी, आणि पायात अडकणाऱ्या नाना वेली. एका झुडपाशी कन्या थांबली. "ईश्वरी." कातरलेली चार पाने आणि त्यांखाली एक काळपट लाल, काटेरी अळी. सदर्न बर्डविंग नावाच्या फुलपाखराची. २०२० पर्यंत भारतातले सर्वांत मोठे फुलपाखरू म्हणून त्याचा मान होता. पुढे तो हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदाकडे गेला. ईश्वरीतले विष या अळीच्या अंगात मुरते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत.

व्हाळाच्या ओल्या वाळूवर निलवंत बसला होता, मखमली काळा आणि त्यावर निळे पट्टे. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्यफुलपाखराचा मान दिला. त्याची मला काळजी वाटली नाही. माकडलिंबू तोडला तरी परसातल्या लिंबावर तो संसार मांडील. शहरातल्या बागांतही तो दिसतो. पण तेवढ्यात वरच्या फांद्यांतून काहीतरी पांढरे तरंगत खाली आले. कुणी पत्र फाडून वाऱ्यावर सोडावे तसे, मुळीच घाई नसलेले. काळे ठिपके असलेले ते मलबार ट्री निम्फ. पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाही. रुई-कण्हेरीच्या कुळातल्या रानवेलींवर त्याची अळी वाढते आणि दाट सावली सोडून ते सहसा बाहेर पडत नाही. हद्द गेली तर ते कुठल्या परसात जाणार?

मी पंचवीस वर्षे मराठी शिकवतो आहे. या सगळ्यांना मिळून आमच्या निबंधांत एकच शब्द, 'रंगीबेरंगी'. त्या पोरीच्या वहीची तीन पाने भरली तेव्हा मला थोडी लाजच वाटली.

परतताना आमच्या काजूत शिरलो. तीही लावलेलीच बाग. पण दादांनी कित्येक वर्षांत तिथले रान काढलेले नाही. वेली चढल्या आहेत, झुडपे माजली आहेत. तिथे हद्दीइतकी नाही, पण रबरापेक्षा कितीतरी अधिक पाखरे. बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी तर आंब्या-काजूचेच पान खाते. म्हणजे बाग लावली हा गुन्हा नव्हे. उघड्या कातळावर चार झाडे लावणाऱ्याला मी नमस्कारच करीन. कुठे लावली आणि खाली काय जगू दिले, यावर सारे आहे. दादांच्या आळसाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नसेल!

दादांना मात्र ती पटली नाही. "झाडा ती झाडाच. तुझा फुलपाखरू माझा लाइटबिल भरतला काय?" मी गप्प बसलो. माकडे आणि गवे पिकाचे काय करतात ते मी वर्षातून चार दिवस पाहतो, ते बाराही महिने पाहतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. मुलगा गोव्यात नोकरीला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी काय ता ठरवा, पण रागान जाव नुको."

शेवटी मी सुचवले, व्हाळापलीकडची हद्द वगळा, जुने काजू काढून तिथे रबर लावा, मी आत्ता सही करतो. दादांनी बागायतदाराला तिथल्या तिथे फोन लावला. त्याला व्हाळाच्या पाण्यासकट पुरा तुकडा हवा होता.

निघताना वहिनींनी कोकमे आणि पोहे बांधून दिले. करारपत्र दादांनी माझ्या पिशवीत घातले. ते अजून टेबलाच्या खणात आहे. बागायतदार उत्तरासाठी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणार आहे.