बारशानंतरच्या उलट्या आणि अंगातलं मीठ

बाळ ओकलं की आजी म्हणते, "दूध वर आलं असेल." बहुतेक वेळा तिचं खरंच असतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ वारंवार उलट्या करतंय, अंगावर ओढत नाही, मलूल पडलंय आणि वजन वाढायचं सोडून उतरतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जत भागातलं असंच एक बाळ माझ्याकडे आलं, अठरा दिवसांचं. सगळ्यांना जंतुसंसर्ग वाटत होता. आधीच्या मुलाबद्दल विचारलं, तर आई खाली बघत म्हणाली, "पहिलाबी पोरगाच. बारसं झालं आन् ओकून ओकून गेला." नवरा तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा. रक्तात सोडियम फार कमी, पोटॅशियम फार जास्त निघालं.

मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन तयार करतात. जन्मतःच त्यासाठी लागणारं विकर नसेल, तर लघवीवाटे मीठ वाहून जातं आणि रक्तदाब कोसळतो. अशा मुलीच्या जननेंद्रियांत जन्मतःच फरक दिसतो, म्हणून ती लवकर सापडते. मुलगा मात्र बाहेरून अगदी नॉर्मल! म्हणून तोच जास्त दगावतो. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनने हे बाळ दोन-तीन दिवसांत अंगावर प्यायला लागलं. औषध जन्मभर; तापात डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस वाढवायचा, बंद कधीच करायचा नाही.

सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करणं नवीन नाही. दोघांत एकच सदोष जनुक असण्याची शक्यता नात्यात वाढते, आणि तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. यात सुनेचा पायगुण शोधू नका.

आयसीएमआरने लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली, तेव्हा हा आजार ५७६२ मागे एकाला आणि जन्मजात थायरॉइडची कमतरता ११३० मागे एकाला आढळली. थायरॉइडवालं बाळ ओकत नाही. झोपतं, रडत नाही, सगळे त्याला गुणी म्हणतात आणि तेवढ्यात मेंदूचं नुकसान होत राहतं. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन दोन्ही तपासता येतात, शक्यतो ४८ तासांनंतर. बाळंतपण साताऱ्याला माहेरी आणि सासर सांगलीला असेल, तर रिपोर्ट कुणी आणायचा ते आधीच ठरवा. थायरॉइडची गोळी पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हायला हवी. ती चमच्यात कुस्करून थोड्याशा आईच्या दुधात द्या. बाटलीभर दुधात नको. दूध उरलं की औषधही उरतं.