पेटीवाला आणि पाहुणे

आमच्या नेरूळच्या घरांत दोन वाद्यें आहेत, आणि गेलें वर्षभर त्या दोहोंत बोलणें नव्हतें. एक आमच्या वडील बंधूंची पेटी. गिरगांवांतील बिऱ्हाड मोडलें तेव्हां भांड्याकुंड्यांच्याही आधीं टेंपोंत चढली ती. दुसरा चिरंजीवांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. दादांना दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वांचला, पण डावा भात्याला साथ देईना. तेव्हांपासून पेटी माळ्यावर आहे. कीबोर्डाला भाता लागत नाहीं, असें आम्हीं एकदां भीत भीत सुचविलें. "त्याला श्वास नाहीं," एवढेंच दादा म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचूं लागले.

वास्तविक पेटीवाल्यानें हा आक्षेप घ्यावा हें गमतीचें आहे. पेटीला मींड येत नाहीं, तिचे सूर ठोकळ्यासारखे, श्रुतींचा तिला गंध नाहीं, असें म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर काढलें आणि तें दार पुन्हा किलकिलें होण्यास तीसएक वर्षें लागलीं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं जिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला, तिची ही कथा! दादांना ती तोंडपाठ आहे. पण ज्या उंबऱ्यावर आपण एके काळीं तिष्ठत होतों तेथें दुसरा दिसला म्हणजे माणसाला कणव येतेच असें नाहीं.

गेल्या श्रावणांत पावसाची झड लागली असतां चिरंजीवांनीं एक तबकडी लावली. तिचें नांव 'फ्लोटिंग पॉइंट', साल २००८. ती जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाच्या नांवावर असून चेन्नईंत ध्वनिमुद्रित झालेली आहे. ड्रम्सवर रणजित बारोट, तालवाद्यांवर शिवमणि, कीबोर्डवर लुई बँक्स अशी घरची मंडळी बसली आहे, आणि त्यांच्याकडे एकेक पाहुणा येतो: बासरी घेऊन शशांक, सतार घेऊन नीलाद्रि कुमार, सॅक्सोफोन घेऊन जॉर्ज ब्रुक्स. एका रचनेंत शंकर महादेवन गातात. हे गृहस्थ नेरूळच्याच रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थेंतून इंजिनिअर होऊन बाहेर पडले, आणि दादांना ते २०१५ च्या 'कट्यार'च्या बोलपटामुळें आपलेच वाटतात. त्यांचा आवाज ऐकूं आला म्हणून दादांनीं चष्मा काढून ठेवला. एरवीं ते उठून गेले असते.

लुई बँक्स हे मूळचे दार्जिलिंगचे नेपाळी. लुई आर्मस्ट्राँगवरून त्यांना हें नांव मिळालें. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ब्लू फॉक्स' उपाहारगृहांत ते वाजवीत असत, पुढें मुंबईंत आले. ज्या घरांत जॅझचें नांव कोणीं काढलें नसेल तेथेंही ते एकदां येऊन गेले आहेत. कारण १९८८ मध्यें दूरदर्शनवरून जें 'मिले सुर मेरा तुम्हारा' घरोघरीं गेलें, त्याची चाल अशोक पत्क्यांची आणि वाद्यमेळाची मांडणी बँक्स यांची. हें ऐकून दादांच्या भुंवया किंचित् वर गेल्या.

आमच्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. गायकानें घेतलेली जागा तो पुसट उमटवितो. जॅझमधला कीबोर्डवाला तसें करीत नाहीं. तो तीन-चार सूर एकदम दाबून पाहुण्याच्या पायाखालीं सतरंजी घालतो. यांत धोका असा कीं, त्या गुच्छांतला एक सूर जरी रागाबाहेरचा असला तरी राग भ्रष्ट होतो. जॅझवाल्यांनींच यावर थोडा उतारा शोधला होता. १९५९ सालीं माइल्स डेव्हिस यानें 'सो व्हॉट' या रचनेंत सोळा मात्रागट एकाच स्वरसप्तकावर काढले, मग आठ अर्धा सूर वर चढून, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागीं. तें स्वरसप्तक म्हणजे आपला काफी थाट. चिरंजीवांनीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें.

"थाट म्हणजे राग नव्हे," दादा म्हणाले. आणि तें खरेंच आहे.

या तबकडींतील सारेंच आम्हांस रुचलें असें नाहीं. कित्येक ठिकाणीं बोटांच्या वेगाचा हव्यास ऐकूं येतो, आणि ड्रम्सच्या गर्दींत पाहुण्याला टेकायला जागा उरत नाहीं. पण कीबोर्डकडे कान लावून बसलें म्हणजे निराळीच मौज कळते. हा मनुष्य दोन सूर ठेवतो आणि हात उचलतो. दादा बराच वेळ ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "याला साथ समजते. गप्प केव्हां बसावें तें कळतें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

चार-पांच दिवसांनीं वाशीहून घरीं परतलों, तों आंतून काफीचे सूर येत होते. दादांचा उजवा हात कीबोर्डवर होता. शेजारीं उभे राहून चिरंजीव खालचे सूर भरीत होते. एकदम दादा थांबले.

"तुझा गंधार शुद्ध लागला. काफींत कोमल, बाळ. पाहुण्याच्या पानांत भलतें वाढूं नये."

"मग काय वाढूं, काका?"

"नुसते षड्ज-पंचम धर. बाकीचें मी बघतों."

पुन्हां सुरुवात झाली. आम्ही ओली छत्री घेऊन दाराशींच उभे होतों. एक आवर्तन झालें असेल नसेल, तोंच वीज गेली आणि कीबोर्ड जागच्याजागीं मुका झाला. अंधारांत क्षणभर पावसाखेरीज कांहीं ऐकूं येईना.

"माळ्यावरून पेटी काढ," दादांचा आवाज आला. "भाता तूं मार."

चिरंजीव स्टूल शोधायला धांवले आणि अंधारांत आमच्यावरच येऊन आदळले.