आडवी नदी, उभी नदी

नदी पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत: एक आडवी आणि दुसरी उभी. शहरांत राहणारीं माणसें नदी बहुधा आडवीच पाहतात. पुलाच्या या टोकाला ती सुरू होते आणि त्या टोकाला संपते. पुण्यांतल्या कोणालाही विचारा, मुठेवरच्या पुलांचीं नांवें तो भराभर सांगेल. पण एका पुलाखालून गेलेल्या पाण्याचें दुसऱ्या पुलापर्यंत पोहोंचतांना काय होतें, हें त्याला सांगतां येणार नाहीं. आपल्या लेखीं नदी ही रस्त्यांत आलेली एक अडचण असते, आणि पूल हा त्या अडचणीवरचा तोडगा.

आमच्या सायकलस्वारांच्या मंडळानें गेल्या पौषांत ही नदी उभी पाहावयाची असें ठरविलें. सकाळीं खडकवासल्याच्या धरणापासून निघावयाचें आणि पाण्याच्या सोबतीनें सायंकाळपर्यंत थेऊरच्या चिंतामणीला पोहोंचावयाचें. सारी वाट सुमारें पंचेचाळीस किलोमीटरांची. आम्ही नऊजण होतों. त्यांत कॉलेजांतलीं दोन मुलें होतीं, एक दंतवैद्य बाई होत्या, आणि पंचाहत्तरी गांठलेले आमचे नाना होते. नदीच्या ओळखीला सायकलीसारखें वाहन नाहीं. मोटारींतून नदी नीट दिसत नाहीं, आणि पायीं गेलें तर दिवस पुरत नाहीं. शिवाय सायकलस्वाराचे दोन्ही हात हँडलला गुंतलेले असल्यामुळें त्याला नाकाला रुमाल लावण्याची सोय नसते. नदीनें जें सांगावयाचें असेल तें त्याला सगळेंच ऐकून घ्यावें लागतें.

खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. भिंतीच्या आंतल्या बाजूला डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरलेलें स्वच्छ निळें पाणी, आणि बाहेरच्या बाजूला उघडे पडलेले खडक व त्यांच्या बेचक्यांत सांचलेलीं डबकीं. पावसाळा सरला म्हणजे नदीचें पाणी नदींतून जातच नाहीं. तें कालव्यानें आणि नळांनीं जातें. आमच्या डाव्या हाताला होतें तें नदीचें नुसतें पात्र होतें.

तेथून पुढें काठाकाठानें जाण्याचा बेत पहिल्या घटकेंतच डळमळूं लागला. नदीला काठ आहे, पण काठाला रस्ता नाहीं. कोठें सोसायटीची भिंत आडवी येई, कोठें टाकून दिलेल्या राडारोड्याचा ढीग. दहा वेळां सिंहगड रस्त्यावर यावें आणि दहा वेळां एखाद्या बोळांतून पुन्हां नदी शोधून काढावी, असें चाललें होतें. विठ्ठलवाडीच्या जुन्या देवळामागें ती पुन्हां नीट भेटली तेव्हां तिच्यांत पाणी होतें. आणि पुढें दत्तवाडीला आंबील ओढा येऊन मिळाला त्यानंतर तर ती चांगली वाहूं लागली. मुलांपैकीं एकानें भाबडेपणानें विचारलें, "पाऊस नाहीं, धरणाचीं दारें बंद आहेत, मग हें पाणी आलें कोठून?"

कोणींच उत्तर दिलें नाहीं. नाकानें तें आधींच दिलें होतें. सकाळीं आम्हीं ज्या नळांखालीं आंघोळी केल्या होत्या, त्यांचेंच हें पाणी दुसऱ्या वाटेनें नदीला येऊन मिळालें होतें. कांहीं शुद्ध होऊन, कांहीं होतें तसेंच.

लकडी पुलापाशीं आम्ही चहाला थांबलों. या पुलाचें लाकूड कधींच गेलें. नांव तेवढें राहिलें. नाना मात्र चहा तसाच ठेवून नारायण पेठेच्या बाजूला पाहत उभे राहिले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें नवें धरण फुटलें. तो लोंढा खालच्या खडकवासल्याला सोसवला नाहीं, आणि तेंही फुटलें. नाना तेव्हां शाळेंत होते. ते म्हणाले, "आम्ही पर्वतीकडे पळालों. परत आलों तों घर नव्हतें. आणि गंमत अशी, कीं दुसऱ्या दिवशीं प्यायला पाणीही नव्हतें. धरणच गेलेलें, नळाला येणार काय? शहर बुडालेलें, आणि घागर कोरडी!" हें सांगतांना ते हंसले, पण त्यांच्या हातांतला पेला बराच वेळ तसाच राहिला.

नदीची आठवण आपल्याला ती घरांत शिरली म्हणजेच होते. २०२४ च्या जुलैंत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरींत पाणी शिरलें तेव्हांही ती झाली होती. पाणी ओसरतें, चिखल धुऊन निघतो, आणि आठवणही त्याच्याबरोबर निघून जाते.

संगमावर मुळा येऊन मिळाली. बंडगार्डनपाशीं काठ बांधून काढण्याचें काम चाललें होतें. त्यावरून आमच्यांत दोन तट पडले. एक म्हणे, घाट झाले, बागा झाल्या, म्हणजे लोक नदीकडे येतील. दुसरा म्हणे, पात्र आवळलें तर पुराच्या पाण्यानें जावें कोठें? वाद रंगांत आला असतांना येरवड्याच्या पक्षी अभयारण्यापाशीं लांब तांबड्या पायांचे शेकाटे त्याच काळ्या पाण्यांत शांतपणें चरत होते. त्यांनीं कोणताच पक्ष घेतला नाहीं.

थेऊरला पोहोंचलों तेव्हां उन्हें कलली होतीं. थोरले माधवराव पेशवे १७७२ सालीं याच गांवीं वारले, आणि त्यांच्यामागें रमाबाई सती गेल्या. त्यांचें वृंदावन नदीच्या काठीं आहे. तेथून पाहिलें तों पात्र जलपर्णीनें हिरवेंगार झालेलें. लांबून वाटावें, शेतच पिकलें आहे. काठावर एक वयस्क शेतकरी बैल सोडून बसले होते. आम्ही पुण्याहून नदीच्या कडेकडेनें आलों, असें दंतवैद्य बाईंनीं त्यांना मोठ्या कौतुकानें सांगितलें. त्यांनीं आमच्या सायकलींकडे पाहिलें, मग नदीकडे पाहिलें, आणि म्हणाले, "तुम्ही जरा उशिराच आलासा पाव्हणं. तुमचं पाणी कवाच येऊन पोचलंय."

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांला बरें वाटलें असतें. पुढें त्यांनीं आम्हांला घरीं नेऊन प्यायला पाणी दिलें. तें विकतच्या जारांतलें होतें.

हें पाणी थेऊरलाही थांबत नाहीं. तें रांजणगांव सांडसला भीमेंत शिरतें, आणि भीमा उजनीच्या धरणांतून उतरून पंढरपुराला जाते. ज्येष्ठांत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत मुक्काम करतात तेव्हां आपण वाटेवर उभे राहून वारकऱ्यांना प्यायला पाणी देतों. तुकोबांची पालखी थेऊरजवळच्या लोणी काळभोरवरून पुढें जाते, आणि वारकरी पंधरा-वीस दिवस चालून चंद्रभागेंत स्नान करतात. त्यांना हातानें दिलेलें तेवढेंच पाणी आपण आपल्या नांवावर जमा धरतों. नदीच्या वाटेनें जें पाठवितों त्याचा हिशेब पुलावरून दिसत नाहीं. त्यासाठीं पंचेचाळीस किलोमीटर खालीं जावें लागतें, आणि तेथल्या माणसाशेजारीं घटकाभर बसावें लागतें.