शेवटची नोंद कोणती?

डेटाबेसमधील नोंदी निर्मितीच्या उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत नवी आधी आणि सर्वांत जुनी शेवटी अशा वाचणे, हे काम वही मागच्या पानापासून चाळण्याइतके सोपे वाटते, कारण वहीत लिहिण्याचा क्रम आणि पानांचा क्रम एकच असतो. टेबलाला मात्र असा अंगचा क्रम नसतो. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात टेबल हा नोंदींचा संच आहे, आणि संचात पहिला-शेवटचा असा भेद नसल्यामुळे हवा असलेला क्रम प्रत्येक क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात, ‘ऑर्डर बाय’ या शब्दांनी मागून घ्यावा लागतो.

न मागताही नोंदी पुष्कळदा लिहिल्याच क्रमाने समोर येतात, आणि नवशिक्याची फसगत नेमकी तेथेच होते. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत नोंद बदलली की तिची नवी आवृत्ती वेगळ्या जागी लिहिली जाते, जुन्या आवृत्तीची जागा सफाईनंतर मोकळी होते आणि पुढे तेथे एखादी अगदी नवी नोंद जाऊन बसते. त्यामुळे चाचणीच्या शंभर नोंदींवर बरोबर दिसलेला क्रम चालत्या टेबलावर काही दिवसांत विस्कटतो.

क्रम मागितल्यावर तो स्वस्तात मिळावा यासाठी इंडेक्स असतो. इंडेक्स म्हणजे ठरावीक स्तंभाच्या मूल्यांची क्रमाने लावलेली सूची, आणि ती बहुधा बी-ट्री या फांद्याफांद्यांच्या रचनेत ठेवलेली असते. या रचनेची शेवटची पाने शेजारच्या पानांशी दोन्ही बाजूंनी जोडलेली असल्याने चढत्या क्रमाची सूची टोकाकडून मागेही वाचता येते, आणि नव्यातल्या नव्या वीस नोंदींसाठी लाखो नोंदींना हात लावावा लागत नाही. उतरत्या क्रमाचा वेगळा इंडेक्स लागतो तो मुख्यतः एक स्तंभ चढता आणि दुसरा उतरता हवा असेल तेव्हा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीच्या आठव्या आवृत्तीपूर्वी अशी मागणी इंडेक्सच्या व्याख्येत लिहिता येई, पण ती पाळली जात नसे.

खरा कठीण प्रश्न मात्र वेगाचा नसून ‘निर्मिती’ या शब्दाच्या अर्थाचा आहे. नोंदीला क्रमांक मिळतो तो एक क्षण, तिच्यावर वेळ उमटते तो दुसरा, आणि व्यवहार, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट, पक्का होऊन ती इतरांना दिसू लागते तो तिसरा. हे तीन क्षण एकच आहेत असे मानणे ही या कामातली सर्वांत महाग चूक होय. समजा, एका व्यवहाराने १०१ हा क्रमांक घेतला आणि तो अडून राहिला, तेवढ्यात दुसऱ्याने १०२ घेऊन आपले काम पक्के केले. त्या क्षणी उलट वाचणाऱ्याला १०२ आणि त्याखाली १०० दिसतो, आणि १०१ नंतर मधूनच उगवतो. ‘१०२ च्या पुढचे तेवढे दे’ असे लक्षात ठेवून दर मिनिटाला नव्या नोंदी उचलणाऱ्या प्रोग्रॅमला १०१ कधीच भेटत नाही, आणि त्याबद्दल कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. वेळेच्या स्तंभानेही ही अडचण सुटत नाही, कारण पोस्टग्रेसमधील ‘नाऊ’ हे फलन व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते, तो पक्का झाल्याची नव्हे.

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात हा भेद फार आधीपासून पाळला गेला आहे. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद झाली की तिला क्रमांक मिळतो, पण ती प्रमाणित होईपर्यंत तिच्यावरून सातबाऱ्यावरचा हक्क बदलत नाही, आणि मागाहून नोंदलेला फेरफार आधी प्रमाणित होऊ शकतो. जमिनीची मालकी तपासताना आजच्या सातबाऱ्यापासून एकेक फेरफार मागे वाचत जाणारा वकील म्हणूनच क्रमांकाबरोबर प्रमाणित झाल्याचा शेराही पाहतो. डेटाबेस वाचणाऱ्याने हीच शिस्त उचलावी: केवळ सर्वांत मोठ्या क्रमांकावर न विसंबता थोडे मागे जाऊन पुन्हा वाचावे, किंवा व्यवहार पक्के होतील त्या क्रमाने बदल हाती देणारी डेटाबेसच्या लॉगवरची सोय वापरावी.

पानापानाने वाचतानाही असाच घोटाळा होतो. ‘पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस’ असे मागितले आणि दरम्यान वर एक नवी नोंद आली, तर विसावी नोंद खाली सरकून दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. वरची एखादी पुसली गेली, तर एक नोंद न दिसताच निसटते. त्याऐवजी शेवटी दिसलेल्या नोंदीची वेळ आणि क्रमांक ही जोडी धरून ‘हिच्या आधीच्या वीस’ असे मागावे. जोडीच हवी, कारण एकाच क्षणाच्या दोन नोंदी असतात आणि त्यांतली वरची कोणती हे वेळ सांगू शकत नाही.

अलीकडे क्रमांकांच्या जागी यूयूआयडी हे लांबलचक ओळखचिन्ह वापरण्याची रीत रुळली आहे. त्याची चौथी आवृत्ती यादृच्छिक असल्याने तिच्यावरून आधी-नंतर काहीच ठरत नाही, तर २०२४ साली प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीचे पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतील वेळ सांगतात. पण तीही चिन्ह तयार झाल्याची वेळ असते, नोंद पक्की झाल्याची नव्हे.