तोरणमाळच्या तळ्याकाठी

शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळला पोचलो. यशवंत तलावाच्या काठी बसलो आणि घरचे शेततळे आठवले.

गेल्या उन्हाळ्यात त्यावर हिरवे शेवाळ दाटले. बोर्डो मिश्रणात घालतो तोच मोरचूद विरघळवून मी साऱ्या तळ्यात एकदम ओतला. शेवाळ मेले खरे, पण दोन दिवसांत मासेही उताणे तरंगू लागले.

शेवाळावर मोरचुदाचा उपाय अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९०४ सालीच सांगितला होता. उपाय खोटा नव्हे; घाई माझी. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. शिवाय पाणी मऊ असेल तर मोरचुदातले तांबे माशांना अधिक बाधते. मेंढ्यांनाही ते फार वाईट. म्हणून आधी पाणी तपासावे, मात्रा जाणकाराला विचारावी आणि तळ्याचा एकेक भाग आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने घ्यावा. तांबे विरत नाही, गाळात साठत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवाळ पोसते ते शेतातून वाहून आलेल्या खतावर आणि शेणावर. ते थांबले नाही तर शेवाळ पुन्हा येणारच.

घाट उतरताना मनाशी ठरवले, पावसाआधी तळ्याच्या वरच्या अंगाला बांध घालायचा आणि गुरांना काठाबाहेर हौदात पाणी पाजायचे.