विखुरलेली भिंत

रोमन सम्राट हेड्रियन इ. स. 122 मध्ये ब्रिटनला आला, आणि त्याच सुमारास साम्राज्याच्या उत्तर सीमेवर, टाइन नदीच्या काठापासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत, सुमारे 117 किलोमीटर लांबीच्या भिंतीचे काम सुरू झाले. ते तीन लीजनांनी, म्हणजे रोमन नागरिकांतून भरती केलेल्या मोठ्या पलटणींनी केले, आणि कोणता पट्टा कोणत्या तुकडीने बांधला याची खूण म्हणून तुकडीनायकाच्या नावाचे कोरीव चिरे जागोजाग बसवले. त्यांतले कित्येक चिरे पुढे शेतांच्या बांधांत आणि गोठ्यांच्या भिंतींत सापडले.

पाचव्या शतकात रोमची सत्ता सरली, पण घडीव दगडांची ती अफाट रास तिथेच उरली. आयते चिरे हाताशी असताना डोंगर कोण फोडणार? जॅरोच्या मठातील बीड या विद्वान भिक्षूने आठव्या शतकात भिंतीची रुंदी आठ फूट आणि उंची बारा फूट नोंदवली, आणि ज्या मठात बसून त्याने हे लिहिले त्याच्या बांधकामातही रोमन दगडच होते. हेक्सॅम येथे सातव्या शतकात विल्फ्रिड या बिशपने चर्च उभारले, त्याच्या तळघरासाठी जवळच्या कॉरब्रिज या रोमन नगराचे दगड उचलले गेले. त्यांतील एका शिलालेखावर सम्राट सेव्हेरसच्या गेटा या धाकट्या मुलाचे नाव होते. थोरल्या कॅराकॅलाने इ. स. 211 मध्ये भावाचा खून करवून त्याचे नाव सर्वत्र खोडण्याचा हुकूम सोडला, आणि हेक्सॅमच्या दगडावरील ती खोडलेली जागा आजही दिसते. उघड्यावर पावसात झिजून गेली असती अशी ही राजघराण्यातील वैराची साक्ष, एका अर्थी, दगड पळवणाऱ्या गवंड्यांनीच जपली.

लॅनरकॉस्टचा मठ, थर्लवॉलचा किल्ला अशा बांधकामांसाठी ही उचल शतकानुशतके चालली. तथापि सर्वांत मोठा घाव घातला तो सरकारने. 1745 च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या उठावात, न्यूकॅसलचे सैन्य वाटेअभावी पश्चिमेकडील कार्लाइल शहराच्या मदतीला वेळेत पोहोचू शकले नाही, म्हणून पुढच्या दशकात लष्करी रस्ता बांधला गेला आणि त्यासाठी कित्येक मैल भिंत पाडून तिच्याच पायावर खडी पसरली. 1801 मध्ये विल्यम हटन हा 78 वर्षांचा गृहस्थ भिंतीच्या कडेने पायी निघाला, तेव्हा प्लेनट्रीज येथे एक शेतकरी घर बांधण्यासाठी ती उकलत होता. हटनने विनवणी केली आणि तिथला उरलेला तुकडा वाचला. हटनच्या हळव्या मनाचे कौतुक अवश्य करावे, परंतु त्या शेतकऱ्याला रानटी ठरवण्याची घाई करू नये, कारण त्याच्या आधीच्या बिशपांनी आणि सेनानींनी निराळे काहीच केले नव्हते.

भिंतीला खरा वाली भेटला तो जॉन क्लेटन (1792–1890) या न्यूकॅसलच्या नगर-कारभाऱ्याच्या रूपाने. त्याने 1834 पासून तिच्या लगतच्या जमिनी विकत घेतल्या, ढासळलेले चिरे चुन्याविना पुन्हा रचले आणि माथ्यावर गवताची ढेपळे बसवली. कड्यांवरून वळत जाणारी जी देखणी भिंत छायाचित्रांतून जगभर पोहोचली, तिचे पुष्कळसे दर्शनी रूप या एकोणिसाव्या शतकातील रचाईचे आहे. दगड रोमन, हात व्हिक्टोरियाकाळचे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हे खटकेल, पण क्लेटनने हात आखडता घेतला असता तर तक्रार करायलाही फारसे काही शिल्लक राहिले नसते.

अलीकडे न्यूकॅसल विद्यापीठाच्या एका प्रकल्पात स्थानिक स्वयंसेवकांनी भिंतीच्या दगडांचा माग आसपासच्या इमारतींत काढला. त्यांच्या दृष्टीने भिंत ही केवळ नकाशावरची रेघ नाही. चर्च, वाडे, शेतघरे आणि कुंपणे मिळून तिचा एक रुंद पट्टाच होतो, आणि त्यातल्या बऱ्याच भागात लोक आजही राहतात.